डोंगराच्या खालच्या ओळी

सही झाली तर चिरंजीवांच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधी पाहून घेऊ. गळकं छप्पर बदलून मिळणार होतं. दुसऱ्या मजल्यावरचा लांबलचक लाकडी सज्जा नव्याने बांधून मिळणार होता. त्याच्या काही फळ्यांवर घरची माणसं पाय ठेवत नसत आणि पाहुण्यांना कोणी ते सांगत नसे. दर्शनी दगडांवर बसलेला काळा थर धुऊन निघणार होता. आणि चौकापलीकडे, बंद पडलेल्या छापखान्याची बैठी शेड होती तिथे, काचेचा मनोरा उभा राहणार होता. त्यात रोज सकाळी हजारो माणसं येऊन संध्याकाळपर्यंत पडद्याकडे टक लावून बसणार होती. चष्म्याच्या दुकानदाराने मागून घेतला असता तरी याहून चांगला शेजार मिळाला नसता. हा शेवटचा मुद्दा चिरंजीव कोणाजवळ बोलले नाहीत, पण त्या आठवड्यात फ्रेमांची नवी कपाटं कुठे बसतील ते त्यांनी दुकानात पावलं टाकून पाहिलं.

द्यायचं म्हणाल तर जवळजवळ काहीच नव्हतं. इमारत जुनी, जपायच्या यादीतली. तिच्यावर एक वीट चढवायची सोय नव्हती. मात्र तिला स्वतःला कधीच न वापरता येणारी ही वर बांधायच्या हक्काची उंची समोरच्या जागेला देऊन टाकता येत होती, आणि बदल्यात समोरच्याने तिची डागडुजी करायची, असा नियम होता.

"आपल्याला न होणारा कोट दुसऱ्याला द्यायचा, आणि त्याने आपलं सगळं घर इस्त्री करून द्यायचं," मनोरा बांधणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणाला. तो भर उन्हातही टाय सोडत नसे, म्हणून गल्लीत त्याला टायवाला म्हणत. "असा व्यवहार मला कोणी दिला तर मी झोपेतून उठून सही करीन."

पण सही चिरंजीवांची चालणार नव्हती. मालक त्यांचे वडील, आप्पा होते.

आप्पांनी जन्मभर चष्मे केले. भिंगं घासली, फ्रेमा वाकवल्या, गावभरच्या नाकांची मापं त्यांना तोंडपाठ होती. "तुझ्या आजोबांचं नाकही असंच डावीकडे कललेलं," असं ते गिऱ्हाइकाला बेधडक सांगत, आणि गिऱ्हाईक वर हसत असे. आता त्यांचेच डोळे जायला लागले होते. एक आधीच गेला होता. दुसऱ्यात कडेकडेने काळं आत सरकत होतं आणि मधे जे उरलं होतं त्यावर धुकं बसलेलं.

डॉक्टर जुने, आप्पांच्याच दुकानातला चष्मा लावणारे. त्यांची अडचण निराळी होती. भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यासमोर आप्पांना बसवलं की आप्पा वरपासून खालपर्यंत धडाधड वाचून दाखवत.

"अहो, दिसतंय म्हणून वाचताय की पाठ आहे म्हणून?"

"जन्म गेला त्या तक्त्यासमोर. आता विसरू कसा?"

"मग मी तुमची तपासणी करू कशी? यंत्र एक सांगतं, तुम्ही दुसरं."

शेवटी दोघांनी मिळून तोड काढली. सज्ज्याच्या उजव्या टोकाला आप्पांची वेताची खुर्ची असे. समोर छापखान्याच्या शेडवरून थेट डोंगर. रोज सकाळी त्याच खुर्चीत, त्याच जागी बसून डोंगराचं काय काय दिसतं ते आप्पांनी पाहायचं. डोंगर काही पाठ करून वाचता येत नाही. आप्पांनी लगेच त्याचाही तक्ता करून टाकला. सगळ्यात खाली झाडी, ही बारीक अक्षरांची ओळ. तिच्यावर खाणीचा पांढरा ओरखडा. मग वळणाचा रस्ता, मग खिंड, आणि सगळ्यात वर शेंडा, हे मोठं अक्षर. नजर अधू होते तेव्हा तक्त्याच्या खालच्या ओळी आधी जातात. उरलेल्या डोळ्याची शस्त्रक्रिया जोखमीची होती. साधली तर थोडं वाचेल, फसली तर सगळंच जाईल.

"शेंडा दिसतोय तोवर त्या डोळ्याला मी सुरी लावणार नाही," डॉक्टर म्हणाले होते. "तो दिसेनासा झाला, की मग गमावण्यासारखं काही उरत नाही. मग बघू."

म्हणून टायवाला कागद घेऊन आला तेव्हा आप्पांनी एकच प्रश्न विचारला.

"डोंगराचं काय?"

"डोंगर कायद्यानेच राखलेला आहे, आजोबा. जुन्या इमारतींच्या सज्ज्यांतून तो दिसला पाहिजे, असा ठरावच आहे. नगररचनेच्या बाई स्वतः येऊन माप घेणार."

आप्पांनी तोंड टायवाल्याकडून चिरंजीवांकडे वळवलं. "तू बघशील?"

"मी बघतो ना आप्पा. तुम्ही निर्धास्त राहा."

"मग दाखव सही कुठे करायची."

माप घ्यायला बाई आल्या त्या दिवशी आप्पा दवाखान्यात होते आणि सूनबाई त्यांच्याबरोबर. बाई कामाला चोख. वहीत बघून त्या म्हणाल्या, "दर्शनी बाजूचा मध्य कुठला?" चिरंजीवांनी सज्ज्याच्या मधोमध, जिना उघडतो तिथे, बोट दाखवलं. टेपचं एक टोक त्यांनीच धरलं. तिवई तिथे उभी राहिली. तिथून मनोऱ्याच्या डाव्या खांद्याशेजारून खिंड आणि शेंडा स्वच्छ दिसणार, असं नकाशावर आलं. बाईंनी दुर्बिणीतून चिरंजीवांनाही पाहू दिलं. चिरंजीव खूश झाले. बाईंना चहा मिळाला, टायवाल्याला दोनदा मिळाला.

आता यात विचित्र काय ते बघा. चष्म्याचं भिंग फ्रेमच्या मध्यावर बसवायचं नसतं, माणसाच्या बुबुळावर बसवायचं असतं. फ्रेमचा मध्य आणि बुबुळ क्वचितच एका जागी येतात. आप्पांनी चिरंजीवांना दुकानात उभं केलं तेव्हा पहिला धडा हाच दिला होता, आणि चिरंजीव रोज शाई लावलेल्या काडीने गिऱ्हाइकांच्या भिंगांवर बुबुळाचा ठिपका देत होते, कधी चुकत नव्हते. त्या दिवशी मात्र त्यांनी फ्रेमचा मध्य दाखवला. बुबुळ होतं उजव्या टोकाला, वेताच्या रिकाम्या खुर्चीत.

मनोरा वाढू लागला. घराचंही काम सुरू झालं. दगड धुतले गेले आणि त्यांचा मूळचा रंग मधासारखा निघाला. लोक थांबून बघायला लागले. सज्ज्याच्या फळ्या बदलल्या. आप्पा नव्या लाकडावरून हात फिरवून म्हणाले, "पोरगं कामाचं निघालं हो." हे ते सूनबाईला म्हणाले, पण चिरंजीव दारातच होते. त्यांनी ऐकलं, आणि पुढे महिनाभर ते वाक्य खिशात घालून फिरले.

मग एका सकाळी आप्पा म्हणाले, "झाडी गेली रे."

"धुकं असेल," चिरंजीव म्हणाले.

"धुकं मला रोजच असतं. झाडी गेली म्हणतोय."

काही दिवसांनी खाणीचा ओरखडा गेला. आप्पांनी घाबरून वगैरे काही सांगितलं नाही. दुकानात एखादी फ्रेम संपली की ते ज्या आवाजात सांगत, त्याच आवाजात सांगितलं. ओळी खालूनच जात होत्या. त्यांच्या धंद्याच्या हिशेबाने नजर जाते ती अशीच. चौकापलीकडे काहीतरी बांधतायत हे त्यांना ठाऊक होतं, आवाज दिवसभर कानात होता. पण मनोऱ्याला गुंडाळलेलं फिकं कापड आणि वर चढणाऱ्या निळसर काचा त्यांच्या डोळ्याला आभाळासारख्याच होत्या. शिवाय डोंगर राखलेला होता. तसा ठराव होता, आणि ठरावावर चिरंजीवांची नजर होती.

खरं काय ते आधी सूनबाईला कळलं. दुपारी आप्पा झोपले असताना ती निवडायचं सूप घेऊन त्या खुर्चीत टेकली. मान वर केली आणि हात थांबला. ती उठून मधोमध गेली, पुन्हा खुर्चीत येऊन बसली. मग खाली दुकानात गेली. गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत उभी राहिली.

"अहो, जरा वर येता?"

"आत्ता? का?"

"आप्पांच्या खुर्चीत बसून बघा."

चिरंजीव वर आले, बसले. समोर मनोरा होता. खिंडीपर्यंत डोंगर गिळून झाला होता आणि वर आणखी मजल्यांच्या सळया उभ्या होत्या.

"आप्पांचे डोळे आहेत तसेच आहेत," सूनबाई म्हणाली. "त्यांना सांगा."

"सांगतो. आधी बाईंना भेटून येतो."

बाईंनी नकाशा काढला, मान हलवली, पुन्हा पाहिला. "मध्यातून दिसतोय ना? नियमात मध्यच धरलेला असतो. आणि तुम्ही तिथे होतात की. टेप तुम्हीच धरली होतीत."

"वडील टोकाला बसतात हो."

"मग त्या दिवशी बोलायचं नाही का?" बाई रागावल्या नव्हत्या, उलट वाईट वाटल्यासारख्या दिसल्या. "टोक म्हणाला असतात तर मी टोकावरून घेतलं असतं. मनोराच चार पावलं सरकला असता. आता पाया पडून गेलाय. खुर्ची सरकवता नाही का येणार?"

वाटेत चिरंजीवांनी विचार केला. खरं सांगायचं तर नुसतं 'मनोरा आड आला' एवढ्यावर भागणार नव्हतं. 'मी बघतो' म्हणून सांगितलं आणि बघितलं नाही, हेही सांगावं लागणार होतं. नुकतंच कुठे पोरगं कामाचं निघालं होतं. खुर्ची सरकवणं त्यामानाने स्वस्त पडत होतं.

दुसऱ्या दिवशी आप्पा उठायच्या आत त्यांनी खुर्ची, तिच्याशेजारची तिपाई आणि तुळशीची एक कुंडी, असा सगळा संसार उचलून मधे नेऊन ठेवला. आप्पांना स्वतः हात धरून आणून बसवलं.

आप्पांनी मान उंचावून डोळा बारीक केला. मग म्हणाले, "खिंड दिसतेय."

"दिसतेय ना!"

"आणि शेंडा. अगं सूनबाई, खिंड दिसतेय! त्या नव्या थेंबांचा गुण आला म्हणायचा. डॉक्टरला म्हटलं होतं मी, हे थेंब झोंबतात म्हणजे काम करतात."

त्या दिवशी आप्पा जिना उतरून दुकानात आले, बऱ्याच दिवसांनी. एका बाईच्या फ्रेमची काडी त्यांनी नुसत्या बोटांनी सरळ केली आणि तिच्या नाकाबद्दल काहीतरी बोलले. ती हसली. चिरंजीव इतके मोकळे हसले की हिशेबात गिऱ्हाइकाला जास्तीचे सुटे देऊन बसले.

सूनबाई हसली नाही. "हे किती दिवस चालणार?"

"चालेल तितके दिवस."

"आणि कळलं म्हणजे?"

"तू तोंडात गुळणी धर म्हणजे कळणार नाही."

तिने गुळणी धरली. पण आप्पांच्या हाताला कठड्याची ओळख होती. खुर्चीच्या जागी कठड्याचा एक लोखंडी गोळा सैल होता, आणि विचार करताना तो फिरवायची त्यांना सवय होती. नव्या सज्ज्यातही जुना कठडाच परत बसवला होता, जुन्या वस्तू जपायच्या म्हणून. चार-पाच दिवसांनी आप्पांचा हात गोळा शोधत कठड्यावर चाचपडत राहिला.

"खुर्ची सरकलीय वाटतं. झाडताना सरकली असेल," ते म्हणाले आणि स्वतःच फरफटत ती टोकाला घेऊन गेले. गोळा सापडला. डोंगर पाहायला मान वर केली.

"सूनबाई," थोड्या वेळाने हाक आली. "शेंडा गेला गं."

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिला म्हणायचं होतं, आप्पा, उठा, माझ्याबरोबर चार पावलं चला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. चिरंजीवांनी मान नकारार्थी हलवली, अगदी हलकेच, गिऱ्हाइकाला एखादी फ्रेम शोभत नाही हे बायकोला खुणेने सांगताना हलवायचे तशी.

दवाखान्यात डॉक्टरांनी यंत्र लावून पाहिलं. "आकडा फारसा हललेला नाही," ते पुटपुटले. "पण तुम्ही म्हणताय मधे दिसलं आणि पुन्हा गेलं?"

"चार दिवस लख्ख दिसलं. मग एकदम गेलं."

"असं येणं-जाणं चांगलं नसतं." डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. तो आप्पांनीच केलेला होता. "यंत्रापेक्षा मी तुमचं ऐकतो. तुम्ही काय म्हणता?"

"आपलं ठरलेलंच आहे की. शेंडा गेला की सुरी."

चिरंजीव शेजारच्या खुर्चीत बसले होते. तोंड उघडायला याहून चांगली जागा त्यांना पुन्हा मिळणार नव्हती. त्यांनी घसा साफ केला. डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. आप्पांनीही मान वळवली, आणि चिरंजीवांच्या चेहऱ्याच्या थोडं बाजूला बघत म्हणाले, "तू नको वाईट वाटून घेऊस. तुझ्याकडून काही राहिलं नाही. तू डोंगर राखलास, माझाच डोळा धड नाही, त्याला तू काय करणार?"

चिरंजीव म्हणाले, "खर्चाची काळजी करू नका, आप्पा."

घरी आल्यावर सूनबाईने त्यांना सज्ज्याच्या मधोमध उभं केलं. "आता तरी सांगा. नाहीतर मी सांगते."

"आज ना उद्या ती शस्त्रक्रिया करावीच लागली असती. डॉक्टर हुशार आहेत. साधली तर उलट फायदाच आहे, आहे त्याहून बरं दिसेल. मग सांगू. बरं दिसायला लागलं की माणूस रागावत नाही."

"आणि नाही साधली तर?"

"अशुभ का बोलतेस?"

तरीही ती संध्याकाळी आप्पांच्या खोलीत गेली. आप्पा पिशवी भरत होते. घासायची हत्यारं, बारीक पेचकस, काड्या वाकवायचा चिमटा, सगळं त्यांनी रुमालात गुंडाळून बाजूला ठेवलं होतं. "हे त्याला दे. मी दिलं तर त्याच्या डोळ्यांत पाणी येतं, मला ते दिसत नाही, पण आवाजात कळतं." मग हसले. "मला कसली भीती नाही गं. पोराने शब्द पाळला, एवढं पुरे आहे. नाहीतर आजकाल कोण कोणासाठी डोंगर राखतंय?"

ती रुमाल घेऊन बाहेर आली. तिने तो नवऱ्याच्या हातात दिला आणि ती काही बोलली नाही, आत आप्पांशीही नाही, बाहेर नवऱ्याशीही नाही.

शस्त्रक्रिया साधली नाही. डॉक्टरांचा हात चुकला असं कोणी म्हणू शकत नाही. जोखीम त्यांनी आधीच सांगितली होती. पट्टी निघाली तेव्हा आप्पांनी विचारलं, "दिवा लावलाय का?" खोलीत ऊन आलेलं होतं.

मनोरा पुरा झाला. उद्घाटनाला टायवाल्याने नवा टाय लावला होता. चिरंजीवांना पहिल्या रांगेत बसवलं. जुनं आणि नवं हातात हात घालून कसं उभं राहतं याचं उदाहरण म्हणून त्यांच्या इमारतीचा उल्लेख झाला, टाळ्या झाल्या. मनोऱ्याच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर खाण्यापिण्याची जागा निघाली, तिथल्या जाहिरातीत खिडकीतून दिसणारा पूर्ण डोंगर आहे, झाडीपासून शेंड्यापर्यंत. डोंगर कुठे गेला नव्हता, फक्त वरच्या मजल्यावर राहायला गेला होता. दुकानात गर्दी वाढली. कपाटं चिरंजीवांनी पावलं टाकून ठरवली होती तिथेच बसली. नवीन गिऱ्हाईक चष्मा घातल्यावर आधी समोरच्या मनोऱ्याचे मजले मोजून बघतं आणि म्हणतं, "एकदम स्वच्छ."

आप्पा अजून टोकाच्या खुर्चीत बसतात. गोळा फिरवतात. दवाखान्यातून परतल्यावर पहिल्याच सकाळी त्यांनी सूनबाईला विचारलं होतं, "तुम्हाला दिसतो ना डोंगर इथून?"

ती म्हणाली, "थांबा, बघून येते." आणि गच्चीवर गेली. गच्चीच्या मागच्या टोकाला, पाण्याच्या टाकीवर चढलं की मनोऱ्याच्या कडेने तो दिसतो. तिने तो नीट पाहिला, खाली आली, आणि जे दिसलं ते सांगितलं, झाडी कशी आहे, ओरखड्यावर ऊन पडलंय की नाही. इथून दिसतं असं ती म्हणाली नाही, आणि इथून दिसत नाही असंही नाही. तेव्हापासून रोज जाते. गुडघे दुखतात, पण जाते.

तर आता बेरीज. कंपनीला उंची मिळाली. बाईंचा नियम पाळला गेला. टायवाल्याला बढती मिळाली. इमारतीला छप्पर, सज्जा आणि मधाच्या रंगाचे दगड मिळाले. चिरंजीवांना गिऱ्हाइकं मिळाली, बापाची शाबासकी मिळाली, आणि दोन्ही अजून त्यांच्याकडे आहेत. मात्र संध्याकाळी आप्पा "ये रे, बस जरा" म्हणतात तेव्हा ते दुकानात काम असल्याचं सांगतात. सूनबाई रोज टाकीवर चढते. आणि या सगळ्याची भरपाई आप्पांच्या उरलेल्या डोळ्याने केली. ती कशाची केली, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही.